सातचा भोंगा

भोंगा म्हटलं की आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला साखर कारखाना आठवतो. पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा व्हायचा. हातात घड्याळ नसलेल्या बायका त्यावर चूल पेटवायच्या, गडी त्यावर बैलं सोडायचे. मी शहात्तर सालचा दहावी. पास झालो तसा शेतात उतरलो आणि पुढं कैक वर्षं माझा दिवस त्या भोंग्यावरच चालला. त्यामुळं २०२२ च्या ऑगस्टात भाच्याचा फोन आला, "मामा, आमच्या गावात भोंगा बसीवलाय," तेव्हा मला आधी वाटलं, तिकडं आणि एक कारखाना निघाला का काय.

भाच्याचं गाव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर, मोहित्यांचे वडगाव. तालुका कडेगाव, जिल्हा सांगली. आम्ही कराड तालुक्यातले, म्हणजे कागदावर सातारकर. पण हा फरक कागदावरचाच. तो सगळा भाग पूर्वी साताऱ्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं. सोयरीक काही जिल्हा बघून होत नाही. आमच्या लेकी तिकडं, त्यांच्या इकडं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

तर भोंग्याची हकीकत अशी. स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं झाली त्या १५ ऑगस्टपासून गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि तो वाजला की घरोघरचा टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठपर्यंत. पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावं, वाचावं. गाव तीन हजारांच्या आसपास वस्तीचं. सरपंच विजय मोहिते. आदल्या दिवशी बायकांची सभा घेतली, तिथं भोंग्याचं नक्की झालं. मग आशा ताई, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त मास्तर असे सगळे घरोघर फिरले. सभा बायकांची घेतली हे मला शहाणपणाचं वाटलं. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ. बायकांनी मनावर घेतलं नसतं तर तो भोंगा पंधरा दिवसांत गंजला असता.

कारण सगळ्यांना ठाऊक आहेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मास्तर म्हणाले अभ्यास मोबाईलवर. ज्या घरात बटणाचा फोन होता तिथं शेरडू विकून मोठा फोन आला. डेटा तर २०१६ पासनं स्वस्त झालेलाच होता. शाळा पुन्हा उघडल्या, पण पोरांच्या हातातला मोबाईल काही सुटला नाही. पोरांचं नाव पुढं करतो आपण, मोठी माणसंही त्याच वाटेनं गेली. माझ्या गावातल्या पारावर पाच माणसं बसलेली असतात आणि पाची खाली माना घालून. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी मयताला आलेत.

लोक हसलेही. "आता बोलायला बी भोंगा लागतुय व्हय?" असं आमच्याकडं एकजण म्हणाला. पुढं इतर गावांनीही तसं केलं. बेळगावाजवळच्या हलगा गावानं २०२४ च्या डिसेंबरात सात ते नऊ असा नेम सुरू केल्याचं पेपरात आलं होतं.

मला विचाराल तर मी मोबाईलच्या विरोधातला नाही. ऊस असलेल्या माणसाला विरोधात राहून चालतच नाही. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. पूर्वी थंडीत दोन वाजता उठून, खांद्यावर घोंगडं घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर जावं लागायचं. आता मोटरच्या पेटीत मोबाईलचा स्टार्टर बसवलाय, अंथरुणातनं फोन लावला की मोटर चालू. आमच्या कराड तालुक्यात उसात बिबट्या पिलं घालतोय. अशा दिवसांत हे यंत्र म्हणजे जिवाची राखण आहे. पण एक सांगतो. तेव्हा रात्री एकट्यानं कुणी जात नव्हतं. शेजारच्या बांधकऱ्याला हाक मारून दोघं मिळून जायचो. पाणी सरीत सोडून धुमीजवळ बसायचं, बिडी ओढायची आणि दिवसा जे बोलता येत नाही ते बोलून घ्यायचं. "तुझी बोरीची फांदी माझ्या भुईमुगावर येती," हे दिवसा चारचौघांत म्हटलं तर भांडण. रात्री धुमीपाशी म्हटलं तर सकाळी फांदी तोडलेली असायची. २००५ च्या पुढं काही वर्षं भारनियमन सोसलं, तेव्हाही असंच. घरात अंधार म्हणून सगळी गल्ली दारात येऊन बसायची. वीज मंडळाला शिव्या घालता घालता कुणाच्या पोरीचं जमलंय, कुणाची म्हैस आटलीय, कुणाच्या बापाचं दुखणं वाढलंय, सगळं कळायचं.

हे सगळं सांगण्याचं कारण अक्काच्या घरातली गोष्ट.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, तेव्हा चौऱ्याहत्तरचे. गावात मान असलेला माणूस. वाटणी असो, बांधाची तक्रार असो, नवराबायकोचं असो, लोक दाजींना बोलवायचे. त्यांच्या वडिलांनी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार डोळ्यांनी पाहिलेलं. त्या सरकारची न्यायदान मंडळं गावोगाव बसायची, वादी-प्रतिवादी समोरासमोर बसवून निवाडा व्हायचा. दाजी म्हणायचे, आमच्या घरात ती रीत राहिली. असा माणूस दोन वर्षांत मुका झाला. पारावर जाईना, लग्नाकार्याला जाईना. गेलाच तर कोपऱ्यात बसून परत येई. घरातले म्हणायचे वय झालं. गावातले म्हणायचे गर्व झाला.

त्यात २०२१ च्या उसाच्या हंगामात धाकट्या भावाशी बिनसलं. दोघांची शेतं लागून. भावाच्या उसाला वाट दाजींच्या रानातनं. तोड आली तशी भावानं पुण्याहून, पोराकडनं, फोन केला, "दादा, उद्या टोळी येतीया. ट्रॉली तुमच्या हरभऱ्याच्या कडंनं काढू का? नुकसान भरून दीन." दाजी म्हणाले, "बरं, बरं." भावानं विचारलं, "मग सांगू ना ट्रॅक्टरवाल्याला?" दाजी म्हणाले, "व्हय, व्हय." दुसऱ्या दिवशी ऊस तुटला, भरलेली ट्रॉली हरभऱ्यात शिरली आणि दाजी काठी घेऊन आडवे. "कुणाला इचारून आणलीस?"

भाऊ तोवर येऊन पोचला होता. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. टोळी बीडकडची, ती काय भावाभावाचं मिटेस्तोवर थांबती? पुढच्या फडाला निघून गेली. निम्मा ऊस तुटलेला, फडात पडलेला. तीन दिवस तसाच वाळला. तुटलेला ऊस वाळला की वजन जातं, आणि पैसे तर टनावर मिळतात. शेवटी दुसऱ्याच्या रानातनं, पाया पडून, लांबची वाट काढली. भाऊ चार माणसांत बोलला, "जगाचा निवाडा करणारा माणूस. फोनवर हो म्हणतो आणि बांधावर फिरतो." दाजींनी ऐकलं का नाही कोण जाणे. त्यांनी उलट शब्द काढला नाही. तेव्हापासनं दोन्ही घरांचं बोलणं बंद. फोनवरच्या घराघरांच्या ग्रुपमधनं भाऊ बाहेर पडला, त्याच्या सुनेनं पंचमीला वाण दिलं नाही, इथपर्यंत.

मी २०२२ च्या सप्टेंबरात अक्काकडं म्हाळाला गेलो. कराडला एसटी बदलून. दाजींच्या वडिलांचा म्हाळ दोघं भाऊ एकत्र घालायचे. त्या साली वेगळा. एकाच बापाला दोन घरी जेवायला बोलवायचं. अक्का चुलीपुढं डोळं पुसत होती, आणि धूर झालाय म्हणत होती. घरात गॅस होता, चूल वड्या तळायला म्हणून पेटवलेली.

संध्याकाळी सातला भोंगा झाला. ओसरीवरचा टीव्ही भाच्यानं बंद केला, फोन सगळ्यांनी कोनाड्यात ठेवले. मी माझा खिशातच ठेवला होता, तर भाच्याची पोरगी, सातवीतली, हात पुढं करून उभी. "मामाआजोबा, तुमचा बी." दिला.

अक्का म्हणाली, पहिले आठ दिवस कुणी कुणाशी बोललंच नाही. काय बोलायचं? समोर बसून एकमेकांचं तोंड बघायची लाज वाटायची. सून उगाच उठून भांडी लावायची. मग तिनंच वाळल्या शेंगांचं टोपलं मधी आणून ठेवलं, कुटाला फोडायच्या म्हणून. हाताला काम लागलं तसं तोंड सुटलं. हे मला पटलं. आमच्याकडं नुसतं बोलायला म्हणून कुणी कधी बसलंच नाही. शेंगा फोडता फोडता, सुंभ वळता वळता, गुऱ्हाळात काहिलीपुढं बसता बसता बोलणं व्हायचं. बोलणं हे कामाच्या सावलीत वाढणारं झाड आहे. समोरासमोर बसवून "आता बोला" म्हटलं की चौकशीला बसल्यागत होतं.

त्या शेंगांच्या टोपल्याभोवतीच पोरीला ते सापडलं.

शाळेनं अमृतमहोत्सवाचं म्हणून काम दिलं होतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडनं प्रतिसरकारच्या आठवणी विचारून लिहा. पोरगी वही घेऊन आज्यासमोर बसायची. दाजी वडिलांकडनं ऐकलेलं सांगायचे. निरोप सगळे तोंडी कसे जायचे, कागद सापडला तर घर जळायचं. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराची आगगाडी अडवली, त्याचा बोभाटा रातोरात गावोगाव कसा झाला. चांगलं सांगायचे. पण पोरीच्या ध्यानात आलं, की ती त्यांच्याकडं बघून विचारते तेव्हा आबा बरोबर उत्तर देतात. वहीत बघत विचारलं, की "बरं, बरं" म्हणतात, नाहीतर भलतंच सांगतात. "आबा, गाडीत पैसे किती होते?" असं तिनं लिहिता लिहिता विचारलं, तर म्हणाले, "व्हय, पाऊस होता तवा."

पोरगी हुशार. दुसऱ्या दिवशी तिनं वही तोंडापुढं धरली आणि विचारलं, "आबा, चहा पाहिजे का?" दाजी गप्प. वही खाली घेतली आणि तेच विचारलं. "आण की," म्हणाले. असं चार वेळा केलं. मग आईला सैपाकघरात जाऊन सांगितलं, "आबांना ऐकू येत न्हाई. ते तोंडाकडं बघून वळखत्यात."

दोन वर्षं एका घरात राहून कुणाला पत्ता नव्हता. तसं ओळखणंही अवघडच होतं. दाजींना ढोल ऐकू यायचा, ट्रॅक्टर ऐकू यायचा, मोटर चालू झालेली कळायची. सातचा भोंगा तर सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचा. फक्त माणसाचं बोलणं तुटून तुटून यायचं, चाळणीतनं पीठ पडावं तसं. टीव्हीपुढं बसलेल्या माणसाला ऐकू येतंय का नाही हे कोण बघतो? बघणाऱ्याचे डोळेही टीव्हीतच. आणि घरातनं कुणी काही विचारलं तर ते मोबाईलमधनं मान वर न काढता विचारलेलं. दाजींना ओठच दिसत नव्हते. फोनवर तर सगळाच अंधार. फोन कानाला लावला की "बरं, बरं", "व्हय, व्हय" एवढी दोनच औषधं त्यांच्याकडं होती.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो, दिव्याकडं तोंड करून. म्हटलं, "दाजी, हे कवापासनं?"

बराच वेळ शेंग फोडत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, बहिऱ्याला पंच कोण करतंय?"

एवढंच. मी पुढं विचारलं नाही.

भावाचं घर तिसऱ्या गल्लीत. मी उठलो आणि तसाच गेलो. आठ वाजायला आले होते. एरवी या वेळेला कुणाच्या घरी गेलं की माणूस "या, बसा" म्हणतो आणि डोळे टीव्हीवर ठेवतो. आपण जाहिरात कधी लागतीय म्हणून वाट बघत बसायचं. त्या दिवशी तशी पळवाट नव्हती. भाऊ ओसरीवर विळ्याला धार लावत बसला होता. मला बघून त्याचं तोंड कडू झालं. पण पाव्हण्याला उठ म्हणता येत नाही. पाणी आलं. मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "पाव्हणं, ऐकू येत न्हाई तर फोनवर बरं बरं म्हणलं कोण?"

म्हटलं, "त्यांनीच म्हणलं. तुमी काय इचारलं ते त्यांना ठाव न्हवतं."

"मग इचारायचं हुतं परत. आमी काय परकं हाय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या थोरल्यानं धाकट्याला "पुन्हा सांग, मला कळलं नाही" म्हणणं किती जड जातं, हे त्यालाही कळत असणार. त्यानं विळा दगडावर घासला, पाणी मारलं, पुन्हा घासला. धार केव्हाच लागली होती. मग टॉवेल खांद्यावर टाकून उठला.

दोघं भाऊ टोपल्याच्या दोन बाजूंना बसले. आधी कुणीच बोलेना. अक्का सुनेला उगाच म्हणाली, "लाईट मोठी लाव." सुनेनं दुसरा बल्ब लावला. भावानं तोंड वर केलं आणि सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, एकेक शब्द सोडून म्हणाला, "दादा. ऊस. तीन दिस. वाळला माझा."

दाजींनी त्याच्या ओठांकडं बघितलं. म्हणाले, "वराडू नगंस. हळू बोललास तरी दिसतंय मला."

पोरगी फस्सकन हसली. भाऊही हसला, पण लगेच तोंड फिरवलं, तसं दाजी म्हणाले, "हिकडं बघून हास की मर्दा. तिकडं तोंड केलंस तर मला काय कळायचं?"

साडेआठचा भोंगा होऊन गेला. कोनाड्यातले फोन कुणीतरी घेतले, कुणी नाही घेतले. मी त्या दोघांकडंच बघत होतो. वाटेचं बोलणं निघालं ते रात्री दहापर्यंत चाललं, आणि गोडीनंच चाललं असं सांगणार नाही. हरभऱ्याचं नुकसान किती, वाळलेल्या उसाचं किती, कुणी कुणाला काय देणं लागतो, यावर दोघंही अडून बसले. पण सर्वपित्रीला वडिलांच्या नावानं दुसऱ्यांदा पान वाढायचं ठरलं, एकाच घरात. त्याचं जेवण भावाच्या सुनेनं केलं.

पुढं दाजींचे कान तपासले. कानात घालायचं यंत्र आणलं. अक्का म्हणाली, "बघ बापू, एक यंत्र काढलं आणि दुसरं कानात घातलं." म्हटलं, "अक्का, हे बोलणं आत घेतंय, चालंल." दाजींना ते फारसं मानवत नाही. वाऱ्यात खरखर करतं म्हणतात, एसटीत तर नकोच. बाजाराला, बँकेत घालतात. घरी शेंगांचं टोपलं मधी आलं की काढून डबीत ठेवतात. नातीनं त्यांच्या समोरची जागा धरलेलीच असते.

त्या साली ऊस तुटला तेव्हा भावानं फोन केला नाही. आदल्या संध्याकाळी सातनंतर स्वतः आला, दोघं बॅटरी घेऊन रानात गेले आणि दाव्यानं मोजून दहा फुटांची वाट पाडून आले. ट्रॉली गेली तेव्हा दाजी काठी घेऊन पुढं होते, ड्रायव्हरला वळण दाखवत. तीन दिवस वाळलेल्या उसाचा हिशोब मात्र अजून मिटलेला नाही. मी गेलो की दोघंही तो माझ्यापुढं मांडतात, आणि दोघांचे आकडे दरवेळी वेगळे असतात.